पुस्तकाच्या दुकानात लेखकाचं वाचन ठेवायचंय? नागपुरातल्या नवख्या आयोजकांसाठी

नागपुरात साहित्याचा कार्यक्रम करायची एक रीत ठरून गेली आहे. मंच, मागे फ्लेक्स, समई, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, ज्यांचा परिचय राहून गेला त्यांची क्षमा, अध्यक्षीय समारोप आणि आभार. या रीतीला मुळं आहेत. विदर्भ साहित्य संघ १४ जानेवारी १९२३ला अमरावतीत सुरू झाला, पुढे नागपूरकर झाला आणि आता शंभरी ओलांडून गेलाय. झाशी राणी चौकात संघाच्या वास्तूत किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात ती रीत शोभतेही. पण वस्तीतल्या पुस्तकाच्या दुकानात, जिथे तीस-चाळीस माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसतात, तिथे तीच उचलून आणली की दीड तासाच्या कार्यक्रमात लेखकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात. तीही "वेळेचं भान ठेवून" अशी चिठ्ठी हातात पडल्यावर.

पश्चिम नागपुरातल्या एका छोट्या दुकानात असे कार्यक्रम लावायला मी गेली काही वर्षं मदत करतो. ज्यांचं पहिलं पुस्तक आलंय, ज्यांचा वाचकगट आहे किंवा ज्यांनी नुकतंच दुकान टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी ठरवा: वाचन की प्रकाशन

दोन्ही एकाच संध्याकाळी होत नाहीत. प्रकाशनाला नातेवाईक येतात, फोटो होतात, सासरचे-माहेरचे पहिल्या रांगेत बसतात. तो घरचा आनंद आहे आणि त्याला हॉलच लागतो. वाचनाला वाचक येतात. लेखक "दोन्ही उरकून घेऊ" म्हणाला, तर गोड बोलून हॉलचा पत्ता द्या.

वाचन ठरलं, की आम्ही एकच अट पाळतो. एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ लेखकाचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं.

२. दुकानदाराशी बोला आणि दुकान नीट बघा

दुकान म्हणजे फुकटचा हॉल नव्हे. शनिवारची संध्याकाळ ही दुकानदाराच्या विक्रीची वेळ. तुम्ही दोन तास खुर्च्या मांडल्या म्हणजे त्याचं गिऱ्हाईक दारातून परत जातं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "काका, तुम्हाला यातून काय मिळायला पाहिजे?" बहुतेकांचं उत्तर सरळ असतं: पुस्तकं दुकानाच्या बिलावर विकली जावीत. ते मान्य करा. लेखकानं स्वतःच्या पिशवीतून प्रती काढून परस्पर विकणं ही दुकानदाराला सगळ्यात लागणारी गोष्ट आहे आणि तो ती तोंडावर बोलत नाही.

खुर्च्या बिछायतवाल्याकडून आणा, पण हात नसलेल्या. हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या रुंद असतात, त्या मांडल्या की चार माणसांच्या जागेत तीनच बसतात. कपाटांच्या मधली एक वाट दारापर्यंत मोकळी राहू द्या. कितीही गर्दी झाली तरी त्या वाटेत खुर्ची टाकायची नाही.

आता कूलर. मार्चच्या शेवटापासून पहिला पाऊस पडेपर्यंत नागपुरात कूलरशिवाय कोणी बसत नाही, आणि मोठा डेझर्ट कूलर सुरू असला की कवितेतला हळू शब्द तिसऱ्या रांगेच्या पलीकडे जात नाही. माइक लावून काही सुटत नाही. माइकमधून कूलरच मोठ्यानं ऐकू येतो. आम्ही असं करतो: कार्यक्रमाच्या तासभर आधी कूलर फुल्ल सोडायचा आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे हवा खेळते. वाचन सुरू झालं की पंखा सगळ्यात कमी वेगावर. अगदी नाजूक मजकूर असेल तर त्या दहा मिनिटांपुरता बंद. प्रश्नोत्तरांना परत सुरू. लेखकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर वाचता वाचता तो थबकतो.

आणखी एक. कूलरचं तोंड विक्रीच्या टेबलाकडे नको. त्याची दमट हवा सरळ लागली की नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं तासाभरात कडेनं वर वळायला लागतात, आणि तशी प्रत कोणी घेत नाही, प्रकाशकही परत घेत नाही.

उजेडाचंही बघून ठेवा. दुकानातल्या ट्यूबलाइट कपाटांवर पडाव्यात अशा लावलेल्या असतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या हातातल्या पानावर त्याच्याच डोक्याची सावली येते. घरून एक टेबललॅम्प आणा. पावसाळ्यात लाइन जाते, तेव्हा चार्जिंगचा दिवाही जवळ असू द्या. तीस-पस्तीस जणांना माइक लागत नाही. शंका असेल तर कोणाला तरी शेवटच्या खुर्चीत बसवून एक परिच्छेद वाचून बघा. बाथरूमची सोय दुकानात नसेल तर शेजारी विचारून ठेवा. साठीच्या पुढचे श्रोते बरेच असतात, आणि हा प्रश्न ते तुम्हाला विचारणार नाहीत, सरळ उठून जातील.

३. तारीख काढताना

पंचांग बघण्याआधी नागपूर बघा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नका. दिवसा मारबतीच्या मिरवणुकीनं महाल-इतवारी भरलेली असते आणि संध्याकाळी घरोघरची पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनाच्या आसपासचे रस्ते वळवलेले असतात. बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडून येणारा माणूस वैतागून पोचतो किंवा पोचतच नाही. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल तर वर्धा रोडच्या बाजूचे श्रोते गेले समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या घरातून कोणी बाहेर पडत नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तेव्हा ठेवायचंच असेल तर साडेसहाच्या आधी नको. हिवाळ्यातली रविवार सकाळ, साडेदहा वाजता, ही माझ्या मते नागपुरातली सगळ्यात चांगली वेळ आहे आणि सगळ्यात कमी वापरलेली. पोहे खाऊन, पेपर वाचून झालेला माणूस तेव्हा खरंच ऐकायला मोकळा असतो.

४. लेखकाशी काय काय बोलून घ्यायचं

पैशाचं आधी. मानधन देणार की नाही, किती, प्रवासखर्च कोणाकडे, मुक्काम कुठे, हे पहिल्याच फोनवर सांगा. "ते बघू आपण, तुम्ही या तर खरं" हे वाक्य वापरू नका. देता येत नसेल तर "मानधन देता येणार नाही, गाडीभाडं आणि राहण्याचं करतो" असं स्वच्छ सांगितलेलं लेखकाला चालतं. पुण्या-मुंबईहून येणाऱ्याचा रात्रीचा गाडीप्रवास असतो. त्याला सकाळी स्टेशनवरून घ्यायला कोण जाणार, हेही त्याच वेळी ठरवा. आणि दुपारी झोपू द्या. "आले आहेत तर" म्हणून दिवसभर चार घरी चहाला फिरवलेला लेखक संध्याकाळी नीट वाचत नाही.

मग वाचायचा मजकूर. इथे लाजू नका, पान क्रमांक मागून घ्या. बरेच लेखक आयत्या वेळी पुस्तक चाळत बसतात आणि "हा भाग वाचू का... नको, हा वाचतो" यात श्रोते हातचे जातात. मोठ्यानं वाचताना सावकाश वाचणाऱ्याला गद्याच्या एका पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणजे वीस मिनिटांसाठी आठ-नऊ पानं. कादंबरी असेल तर सुरुवातीचाच भाग बरा. मधला भाग वाचायचा तर "हा रामभाऊ म्हणजे तिच्या मावसभावाचा सासरा" असं सांगण्यातच पाच मिनिटं जातात. दोन तुकडे घ्या, एक संवादाचा, एक वर्णनाचा. शेवट मात्र वाचू देऊ नका. ऐकून झाला की विकत कोण घेणार?

सगळे लेखक चांगलं वाचत नाहीत. काही जण खाली मान घालून पुटपुटतात. अशा वेळी गावातल्या एखाद्या नाटकवाल्याला बोलावण्याचा मोह होतो. निम्मं वाचन त्याच्याकडून करून घेतलं तर हरकत नाही, पण पहिला तुकडा लेखकानंच वाचायचा. लोक त्याचा आवाज ऐकायला आलेत, तो कसाही असो.

कार्यक्रमात लेखकाशी गप्पा मारणारा माणूस निवडताना एकच बघा: त्यानं पुस्तक वाचलंय का? मोठं नाव, पण पुस्तक न वाचलेलं, हा फार महागात पडणारा सौदा आहे. असा माणूस स्वतःच्या आठवणी सांगतो. त्यापेक्षा वाचकगटातली एखादी ताई, जिनं पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्यात, ती कितीतरी पटीनं बरी.

५. पुस्तकं वेळेवर आणणं

कार्यक्रम फसतो तो बहुधा इथे. लेखक आला, श्रोते आले आणि पुस्तकं ट्रान्सपोर्टच्या गोदामात.

बहुतेक मराठी प्रकाशक पुण्या-मुंबईचे. तीन आठवडे आधी मागणी नोंदवा, आणि दुकानदाराच्या नावानं नोंदवा, तुमच्या नव्हे. तसं केलं तर त्याला व्यापारी सवलत मिळते. ती प्रकाशकागणिक वेगळी असते. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा: सवलत किती, न विकलेल्या प्रती परत घेणार का, आणि परतीचा पार्सलखर्च कोणाचा. "परत घेऊ हो" हे फोनवरचं आश्वासन असतं. पार्सल परत गेल्यावर "प्रती मळक्या आहेत" असं उत्तर येऊ शकतं. म्हणून पार्सल उघडताना फोटो काढा आणि टेबलावर एकच प्रत चाळायला ठेवा, बाकीच्या गठ्ठ्यात.

किती मागवायच्या? पन्नास जण येतील असा अंदाज असेल तर वीस प्रती पुरतात. नवा लेखक, जाडजूड पुस्तक, किंमत पाचशेच्या वर, असं असेल तर बारा-पंधरा. त्याच लेखकाच्या जुन्या, स्वस्त पुस्तकांच्या चार-पाच प्रती जरूर ठेवा. नवं परवडत नाही ते लोक सहीसाठी जुनं घेतात.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. पण दुकानदार त्याच टेबलावर कापडी पिशव्या, कॉफीचे मग असलं काही ठेवणार असेल तर त्याचं बिल वेगळं. हे तो जाणतो. तुम्ही फक्त बिल फाडायला एक माणूस द्या. सहीची रांग आणि पैशाची रांग एक झाली की गोंधळ होतो.

६. परवानग्या आणि कागद

चार भिंतींच्या आत, भोंगा न लावता, पुस्तक वाचण्यासाठी पोलिसांकडे पळावं लागत नाही. गडबड होते ती "थोड्या खुर्च्या बाहेर टाकू" म्हटल्यावर. फुटपाथ किंवा रस्ता वापरायचा तर महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी लागते. उघड्यावर ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी वेगळी. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. वस्तीतलं दुकान असल्यामुळे त्याहून मोठं खातं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. त्यांना आदल्या दिवशी जाऊन निमंत्रण द्या. बहुतेकदा त्या येतात, आणि पहिल्या रांगेत बसतात.

दुसऱ्याचं लिखाण वाचायचं असेल, म्हणजे आदरांजली, काव्यवाचन असं काही, तर स्वामित्वहक्काचा विचार करा. १९५७च्या कायद्याचं कलम ५२ प्रसिद्ध साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला मुभा देतं. उतारा म्हणजे उतारा. अख्खी कथा किंवा अर्धा संग्रह नव्हे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो. बालकवी १९१८ला गेले, त्यांच्या कविता कितीही वाचा. हयात किंवा अलीकडच्या कवींसाठी त्यांच्या घरी किंवा प्रकाशकाला एक फोन करा. नाही म्हणणारे मला तरी क्वचितच भेटले. वाचन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर मात्र तोंडी होकारावर जाऊ नका. आधी किंवा मध्ये रेकॉर्डवरची गाणी वाजवायचा विचार असेल तर सोडून द्या, त्याचे परवाने वेगळे.

जवळ ठेवायचे कागद आणि सामान:

- दुकानदाराशी ठरलेल्या गोष्टींचा एक पानाचा मजकूर, दोघांच्या सहीचा
- प्रकाशकाचं चलन आणि परतीच्या अटींचा मेसेज, प्रिंट काढून
- लेखकाची रेकॉर्डिंगला लेखी संमती, ईमेल चालतो
- बाहेरची जागा वापरत असाल तरच: परवानगीपत्रांच्या प्रती
- बिलबुक, सुटे पैसे, क्यूआर कोडचा कागद (दुकानाच्या खात्याचा)
- काळ्या शाईची दोन चांगली पेनं, चिकटचिठ्ठ्यांचं एक पॅड
- टेबललॅम्प, एक्स्टेन्शन बोर्ड, झाकणाचा पाण्याचा ग्लास

७. निमंत्रण

निमंत्रणावर पाच गोष्टी: कोण, कोणतं पुस्तक, कधी, कुठे आणि किती वेळ. शेवटची लोक विसरतात. "६.३० ते ७.४५" असं छापलं की घरी स्वयंपाक असलेली बाई हिशेब करून येऊ शकते. पत्त्यात जवळची खूण द्या आणि मेट्रोचं स्टेशन द्या. धरमपेठ-शंकरनगर पट्ट्यात अ‍ॅक्वा लाइन चांगली कामाला येते आणि पार्किंगची कटकट वाचते.

पत्रिकेवर नावांची उतरंड नको. प्रमुख अतिथी, विशेष अतिथी, सन्माननीय उपस्थिती असं एकदा छापलं की त्या प्रत्येकाला बोलायला द्यावंच लागतं, आणि सगळं गणित तिथेच कोसळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ढीगभर ग्रुपमध्ये टाकण्यापेक्षा माणसांना एकेकाला मेसेज करा. दैनिकांच्या शहर पानावरच्या कार्यक्रमांच्या यादीसाठी तीन-चार दिवस आधी चार ओळी पाठवा; ती यादी वाचून येणारे ज्येष्ठ अजून पुष्कळ आहेत. "येतो" म्हटलेल्यांपैकी निम्मेच येतात असं धरून चाला, आणि पाऊस असेल तर त्याहून कमी.

८. प्रत्यक्ष कार्यक्रम

वेळेवर सुरू करा. "अजून मंडळी येऊन राहिली आहेत" हे कारण ऐकू नका. एकदा पंधरा मिनिटं थांबलात की पुढच्या वेळी सगळेच तितके उशिरा येतात. आमचा क्रम साधारण असा:

- स्वागत आणि परिचय, तीन मिनिटं. पुरस्कारांची यादी नाही, फक्त हे पुस्तक आज इथे का.
- पहिलं वाचन, पंधरा मिनिटं
- गप्पा, पंधरा मिनिटं
- दुसरं वाचन, पंधरा मिनिटं
- श्रोत्यांचे प्रश्न, वीस मिनिटं
- आभार, एक मिनिट. मग सह्या.

प्रश्नांच्या वेळी एक गृहस्थ हमखास उठतात. "प्रश्न नाही, पण दोन शब्द सांगतो." त्यांच्या खिशात स्वतःची कविता असते. त्यांना दुखवू नका, पण त्यांच्या शेजारी आपला एक माणूस आधीच बसलेला असावा, जो हळूच म्हणेल, "भाऊ, आपण नंतर चहाला बोलू न." जमतं. पहिला प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तोही एखाद्याला सांगून ठेवा. आणि प्रश्न हिंदीतून आला तर त्याचं मराठी करत बसू नका. नागपुरात ऐकणाऱ्याला दोन्ही कळतं.

सहीच्या रांगेत चिकटचिठ्ठ्या वाटा आणि ज्याला नाव घालून हवंय त्याला नाव लिहायला सांगा. "श्रुती"चा ऱ्हस्व-दीर्घ लेखकानं अंदाजानं लिहिला आणि चुकला, तर ती प्रत वायाच जाते. चिठ्ठी पहिल्या पानावर लावून प्रत पुढे सरकवली की रांग भराभर हलते.

खाणं. तर्री पोह्यांचा आग्रह होईल, कारण त्याशिवाय नागपूर नाही. पण तर्रीचा एक लाल थेंब पांढऱ्या मुखपृष्ठावर पडला की तो जन्मभर तिथेच. सांबारवडीचं तेलही तसंच. खायचं ते दुकानाबाहेर आणि सह्या झाल्यावर. आत फक्त पाणी. संत्र्याची बर्फी चालते, कागदी रुमालासकट.

९. दुसऱ्या दिवशी

हिशेब चोवीस तासांत. विकलेल्या प्रती, उरलेल्या प्रती, दुकानाचा वाटा, बिछायत, चहा. लेखकाचं पाकीट मात्र त्याच संध्याकाळी, निघण्याआधी, चारचौघांत नव्हे. परतीच्या प्रती आठवड्याच्या आत बांधून पाठवा, नाहीतर त्या दुकानाच्या कोपऱ्यात वर्षभर पडून राहतात आणि दुकानदार पुढच्या वेळी "बघू" म्हणतो.

१०. एकावर थांबू नका

महिन्याचा ठरलेला दिवस धरा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार. लेखक दर महिन्याला मिळत नाही, आणि मिळायची गरजही नाही. मधल्या महिन्यांत वाचकांनी आपापल्या आवडीची दोन पानं वाचायची, मुलांसाठी गोष्टी सांगायच्या, जुन्या पुस्तकांची अदलाबदल करायची. अदलाबदलीत गाइडं, नोट्स आणि फुकट वाटलेल्या स्मरणिका घेणार नाही, असं आधीच लिहून टाका. नाहीतर लोक घरची रद्दी आणून टाकतात आणि चांगली पुस्तकं घेऊन जातात.

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन या तारखांना शाळा-कॉलेजं स्वतःच कार्यक्रम शोधत असतात. तुम्ही दुकानात ठेवण्यापेक्षा लेखकाला घेऊन त्यांच्याकडे जा आणि पुस्तकांचं टेबल तिथे लावा. कामठी-मोमिनपुऱ्यात उर्दूचे वाचक आहेत, त्यांच्यासोबत मराठी-उर्दू अशी एक द्विभाषिक बैठक करून बघा. आमच्याकडची एक फार रंगलेली संध्याकाळ तीच होती.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि तिथे जेवढी पुस्तकं हातोहात जातात तेवढी एरवी शहरात कुठे जाताना दिसत नाहीत. त्या आठवड्यात दुकानात काही ठेवू नका. दुकानदार स्वतःच तिकडे पिशव्या भरायला गेलेला असतो.